जेलची नखे : प्रचलित गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेल टेक्निशियनचा व्यवसाय पत्करू पाहणाऱ्या मुलीच्या हाती पाठ्यपुस्तक येण्याच्या कितीतरी आधी जाहिरात येते, आणि दोन दिवसांत कोर्स, सोबत किट मोफत व अखेरीस आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असा तिचा मजकूर इतका ठराविक असतो की, या विद्येत शिकण्याजोगे जे काही आहे ते रंगसंगती आणि हाताची सफाई एवढेच, अशी समजूत होण्यास तो एकटाच पुरेसा ठरतो. हाताची सफाई लागतेच, आणि ती सरावाने येते. परंतु ज्या द्रव्यांशी ही मुलगी पुढे दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे बारा महिने व्यवहार करणार आहे त्यांचे गुणधर्म, ज्या दिव्यासमोर ती बसणार आहे त्याचा स्वभाव, आणि ज्या त्वचेवर या दोहोंचा परिणाम घडतो ती त्वचा, यांविषयी जाहिरातीत अक्षर नसते. बहुतेक गैरसमजांचा उगम या मौनात आहे, आणि त्यांची किंमत गिऱ्हाइकापेक्षा टेक्निशियनलाच अधिक मोजावी लागते, असे माझे मत आहे. पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

जेल हे एक टिकाऊ नेलपॉलिश असून ते दिव्याखाली लवकर वाळते, ही समजूत सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत अधिक घोटाळा करते. साधे नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि रंगद्रव्ये यांचे इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांतील मिश्रण. द्रावक हवेत उडून गेला की नखावर पापुद्रा उरतो, आणि रिमूव्हर लावला की तो मुकाट्याने विरघळतो. जेलमधून असे काही उडून जात नाही. त्यात ॲक्रिलेट व मेथॅक्रिलेट या कुळांतील लहानमोठे रेणू असतात आणि त्यांच्या जोडीला फोटोइनिशिएटर नावाचा, प्रकाशाने चेतणारा घटक असतो. दिव्याचा किरण पडताच हा घटक फुटतो, त्यातून मुक्त मूलके निर्माण होतात, आणि ती रेणूला रेणू जोडीत काही सेकंदांत एक घट्ट जाळीदार बहुवारिक उभे करतात. ही रासायनिक क्रिया आहे, आणि कोणतीही रासायनिक क्रिया अर्धवट राहू शकते. पृष्ठभाग कडक लागतो, चमकतो, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन निघून जाते, आणि तळाशी मात्र न जुळलेले रेणू तसेच शिल्लक राहतात, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. उलटपक्षी, दिव्यातून काढलेल्या नखावर जी चिकट ओल राहते आणि जी पाहून नवशिक्या मुलीला आपले काही चुकले असे वाटते, ती मात्र दोष नव्हे; सर्वांत वरच्या थरातील साखळी हवेतील ऑक्सिजन पुरी होऊ देत नाही, एवढेच तिचे कारण आहे. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची असते, आणि पुसताना तो बोळा भोवतालच्या कातडीवर फिरवायचा नसतो, हे ज्या क्लासमध्ये सांगत नाहीत तेथे इतर काय सांगत असतील याची कल्पना करावी.

आता दुसरी समजूत अशी की, ॲक्रिलिक म्हणजे रसायन आणि जेल म्हणजे काहीतरी सौम्य, जवळजवळ नैसर्गिक. दोहोंचे गोत्र एकच आहे. फिलाडेल्फियाचे दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी १९५० च्या दशकात आपले तुटलेले नख दातांच्या कामातील ॲक्रिलिकने सांधले, अशी या आधुनिक कृत्रिम नखांची उत्पत्तिकथा सांगतात. जेल हे त्याच घराण्यातले धाकटे अपत्य असून, २०१० साली शेलॅक या नावाने बाजारात आलेल्या उत्पादनानंतर त्याला खरी लोकप्रियता लाभली. ॲक्रिलिकच्या द्रवाला उग्र वास येतो, कारण त्यातील मोनोमर सहज बाष्परूप होतो; जेलला वास कमी, कारण त्यातील रेणू जड आहेत आणि हवेत उडत नाहीत. नाकाला त्रास नाही म्हणून द्रव्य निरपराध, असा निकाल मात्र देता येत नाही, कारण जेलचा धोका श्वासापेक्षा स्पर्शातून अधिक पोहोचतो. वासाचा प्रश्न निघालाच आहे तर मिथाइल मेथॅक्रिलेटविषयी एक गोष्ट सांगून टाकावी : १९७० च्या दशकाच्या आरंभी, नखांना इजा झाल्याच्या व ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावरून, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शंभर टक्के या मोनोमरच्या नखद्रवांविरुद्ध न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि मनाईहुकूम मिळविला, तेव्हापासून जाणत्या उत्पादकांनी इथाइल मेथॅक्रिलेटचा आश्रय केला. स्वस्त, बिनलेबलाच्या बाटलीतला द्रव विलक्षण कडक बसत असेल, ॲसिटोनमध्ये तासभर भिजवूनही हलत नसेल आणि त्याचा वास डोक्यात जात असेल, तर तो का स्वस्त आहे याची शहानिशा केल्यावाचून तो वापरू नये.

दिव्याविषयी दोन भ्रम आहेत. एक, एलईडी दिव्यातून अतिनील किरण निघत नाहीत. दुसरा, जितके वॉट अधिक तितका दिवा चांगला. जुन्या ३६ वॉटच्या पेटीत ९ वॉटच्या चार नळ्या असत आणि त्यांचा प्रकाश ३७० नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे. आजच्या एलईडी दिव्यांतून साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश येतो, म्हणजे तोही अतिनील-ए आणि त्याला लागून असलेला जांभळा. तो नसता तर जेल घट्ट झालेच नसते. राहिला वॉटचा प्रश्न. वॉट हे दिवा वीज किती खातो याचे माप आहे, नखापर्यंत कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती तीव्रतेने पोहोचतो याचे नव्हे. जेलमधील फोटोइनिशिएटर ज्या तरंगलांबीला चेततो ती दिव्यात नसेल, तर पेटीवर छापलेला आकडा कितीही मोठा असो, खालचा थर कच्चाच राहतो. म्हणून जेल ज्या कंपनीचे, दिवा शक्यतो तिच्याच शिफारशीचा घ्यावा, त्याची नियत मुदत पाळावी, आणि काळा, पांढरा वा गडद रंग पातळ थरांनीच चढवावा. कारण अशा रंगातील द्रव्ये प्रकाश वरच्यावर अडवितात. अंगठा इतर चार बोटांबरोबर आत घातला की तो आडवा वळतो आणि त्याच्या नखाची एक बाजू अंधारात राहते. त्याची पाळी वेगळी लावण्यास अर्धा मिनिट लागतो, परंतु गर्दीच्या दिवशी नेमका तोच वाचविला जातो.

या किरणांनी कर्करोग होतो काय, हे गिऱ्हाईक हमखास विचारते, आणि टेक्निशियन बहुधा हसून नाही म्हणते. हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नाही, तसाच घाबरण्यासारखाही नाही. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा दिव्याखाली सलग २० मिनिटे ठेवलेल्या पेशींपैकी २० ते ३० टक्के पेशी मेल्या, तीन वेळा ठेवलेल्यांपैकी ६५ ते ७० टक्के मेल्या, आणि वाचलेल्यांच्या डीएनएत बिघाड आढळला. परंतु त्या पेशी काचेच्या बशीतल्या होत्या, त्यांच्यावर मेलेल्या कातडीचे आच्छादन नव्हते, आणि सलग २० मिनिटे कोणी गिऱ्हाईक दिव्याखाली हात धरीत नाही; त्यामुळे माणसाला किती धोका आहे हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञ जी सावधगिरी सांगतात ती स्वस्त व सोपी आहे : हातांना आधी सनस्क्रीन लावावे, किंवा बोटांची टोके उघडी असलेले हातमोजे घालावेत. उन्हाने अंगावर चट्टे उठविणारी औषधे ज्यांना चालू आहेत त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच दिव्याखाली हात घालावा.

आता मुख्य विषयाकडे यावयाचे. ॲक्रिलेट कुळातील घटकांची ॲलर्जी ही या धंद्याची खरी व्याधी आहे. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या अभ्यासकांच्या संस्थेने २०१२ साली ॲक्रिलेटांनाच त्या वर्षीचे प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून घोषित केले होते. यांतला सर्वांत परिचित घटक म्हणजे हेमा, पूर्ण नाव हायड्रॉक्सीइथाइल मेथॅक्रिलेट. त्याचा रेणू लहान असल्यामुळे तो कातडीत सहज शिरतो. नखाच्या कडेला ओघळलेले जेल, बोळ्याने पसरलेली चिकट ओल, बाटलीच्या गळ्यावरून बोटाला लागलेला थेंब, घासताना उडालेली अर्धकच्ची भुकटी, असे थोडे थोडे पुष्कळ दिवस होत राहते आणि काहीच घडत नाही. मग एके दिवशी बोटांची टोके कोरडी पडतात, भेगाळतात, खाजतात, आणि पुष्कळदा पापण्या सुजतात, कारण हात चेहऱ्याला लागतच असतो. शरीराने एकदा त्या द्रव्याशी वैर धरले की ते बहुधा जन्मभर टिकते. त्याची व्याप्तीही नखांपुरती राहत नाही : दातांत भरावयाचे संमिश्र, अस्थिशल्यक्रियेतील सिमेंट, काही वैद्यकीय उपकरणांचे चिकटद्रव्य, यांतही त्याच कुळातले घटक असतात, आणि वयाच्या पंचविशीत नखांवरून जडलेली ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांपुढे मांडावी लागते.

यावर तत्काळ उत्तर मिळते की, आम्ही हातमोजे घालतो. लॅटेक्स आणि व्हिनाइलच्या मोज्यांतून हे मोनोमर काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइलचे मोजे त्यांहून बरे, परंतु तेही दिवसभर चालवावयाचे नसून वरचेवर बदलावयाचे असतात, आणि जेलने माखलेला मोजा हातात तसाच ठेवणे हे मोजा न घालण्यापेक्षा वाईट. दुसरे उत्तर असे की, आमचे जेल हेमा-फ्री आहे. ही पाटी खोटी असते असे नव्हे, परंतु तिच्या आड हायड्रॉक्सीप्रोपिल मेथॅक्रिलेटसारखा सख्खा भाऊबंद बसलेला असू शकतो, आणि एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचीही बाधा होणे हे वारंवार घडते. खरे संरक्षण पद्धतीत आहे : जेल कातडीपासून सुताएवढे दूर ठेवणे, ओघळ दिव्याखाली जाण्यापूर्वी काढणे, आणि थर पुरता घट्ट करणे. युरोपीय संघाने २०२० मध्ये केलेल्या नियमाने हेमा असलेली नखप्रसाधने केवळ व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली व वेष्टनावर ॲलर्जीचा इशारा छापणे सक्तीचे केले, त्यामागेही हाच हेतू होता की, हे काम शिकलेल्या हातांनीच व्हावे.

युरोपचाच दुसरा एक हुकूम अलीकडे फार विपर्यस्त रूपाने फिरत आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तेथे टीपीओ या फोटोइनिशिएटरला सौंदर्यप्रसाधनांत बंदी झाली, व्यावसायिक वापरासाठीसुद्धा. आणि त्यावरून जेलवरच बंदी आली, अशी वदंता उठली. बंदी एका घटकाला आहे, जेलला नाही. ती प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननक्षमतेवर दिसलेल्या परिणामांच्या आधारे, सावधगिरी म्हणून घातलेली आहे. आणि दुसरे फोटोइनिशिएटर घालून केलेली जेले तेथे विकली जातच आहेत. तो नियम युरोपीय संघापुरता आहे. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू असून, आयात मालाची नोंदणी व्हावी लागते आणि नोंदणीचा क्रमांक, नोंदणीधारकाचे नाव-पत्ता, घटकांची यादी हे सर्व लेबलावर असावे लागते. घाऊक बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर रंगाच्या क्रमांकाखेरीज काही नसते. ती घेणारी मुलगी मग गिऱ्हाइकाला घटक काय सांगणार?

नखाला श्वास घेऊ द्यावा, म्हणून मधून मधून जेल काढून ठेवावे, हा सल्ला पार्लरमध्ये आणि घरीही वडीलधाऱ्या आवाजात दिला जातो. दिसणारे नख हे केराटिनचे निर्जीव कवच आहे. त्याला प्राणवायू व पोषण लागत नाही, आणि ज्या जिवंत मुळातून ते वाढते त्या मुळाला दोन्ही रक्तातून मिळतात. तरीही हा सल्ला मानून काहींची नखे सुधारतात, याचे कारण निराळे आहे : जेल लावल्याने नख क्वचितच बिघडते, ते बिघडते जेल काढण्याच्या रीतीने. विरघळणारे जेल असेल तर वरची चकाकी फाईलने उतरवून, ॲसिटोनचा बोळा फॉइलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते; घाईत ते खरवडले की जेलबरोबर नखाचे वरचे पदर निघतात आणि मागे पांढरे, खरखरीत डाग राहतात, ज्यांना गिऱ्हाईक कॅल्शियमची कमतरता समजते. हार्ड जेल तर ॲसिटोनला दाद देत नाही. ते घासूनच उतरवावे लागते, आणि ड्रिल मशीन ज्या हाताने नुकतेच धरले आहे त्या हाताखाली अर्ध्या मिलिमीटरच्या नखाचा टिकाव लागणे कठीण. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे एकदा पातळ झालेले नख पूर्ण बदलण्यास सुमारे सहा महिने जातात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. दिव्याखाली नखाला अचानक चटका बसतो तोही याच कारणाने अधिक जाणवतो : क्रियेतून उष्णता निघते, थर जाड असतो, आणि खालचे नख आधीच्या कोणीतरी घासून झिजविलेले असते.

स्वच्छतेविषयी थोडक्यात. पार्लरमधील निळ्या उजेडाची पेटी हत्यारे निर्जंतुक करीत नाही. धातूची हत्यारे आधी घासून धुवावी व मग ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश तापमानाच्या दाबयुक्त वाफेत, ठरलेली मिनिटे ठेवावी. फाईल व बफर सच्छिद्र असल्यामुळे एका गिऱ्हाइकापुरतेच. नख हिरवे दिसले तर ती बुरशी असे सांगण्याची पद्धत आहे. तो बहुधा स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा प्रताप असतो, सुटलेल्या जेलखाली ओल साचल्याने होणारा. अर्थात टेक्निशियनने रोगाचे नाव सांगूच नये, जेल काढून डॉक्टरकडे पाठवावे.

आता शिक्षणाची निवड. महाराष्ट्रात नेल टेक्निशियनला वकील-डॉक्टरांप्रमाणे सनद लागत नाही. दुकान थाटावयाचे तर दुकाने व आस्थापना कायद्याखालील गुमास्ता, आणि तो दुकानाचा दाखला आहे, कौशल्याचा नव्हे. पुष्कळ क्लासेस आपल्या गुमास्त्याचा वा उद्यम नोंदणीचा हवाला देऊन सरकारमान्य अशी पाटी लावतात, तिचा अर्थ यापलीकडे नाही. राष्ट्रीय कौशल्य अर्हतेच्या चौकटीत ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात केस व त्वचेबरोबर नखेही येतात. सिडेस्को ही १९४६ साली स्थापन झालेली, झुरिचमध्ये मुख्यालय असलेली संस्था सौंदर्योपचाराच्या पदविका देते, आणि तिची मान्यता कोणत्या शाळेला आहे हे तिच्याकडेच विचारता येते. आंतरराष्ट्रीय हा शब्द छापलेल्या प्रत्येक कागदाची अशी रुजुवात घालावी. लग्नानंतर परदेशी जाणाऱ्या मुलींची तर यात विशेष फसगत होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, कॅलिफोर्नियात त्यासाठी ४०० तासांचे शिक्षण लागते व टेक्सासमध्ये ६०० तासांचे, आणि पुण्या-ठाण्याच्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्राने तो परवाना मिळत नाही.

क्लास पाहण्यास जावे तेव्हा भिंतीवरील नक्षीदार नखांची छायाचित्रे पाहू नयेत, खिडकी पाहावी. एसी लावून बंद केलेल्या खोलीत दहा जणी घासकाम करीत असतील आणि त्यांच्या तोंडावर पातळ सर्जिकल मास्क असतील, तर तेथील शिक्षिकेला धूळ आणि बाष्प यांतला भेद ठाऊक नाही असे खुशाल समजावे : बारीक धुळीला एन-९५ लागतो, बाष्पापुढे तोही निरुपयोगी, आणि दोहोंवर खरा उपाय म्हणजे खेचून बाहेर टाकणारी हवा. मग विचारावे की, जेल काढणे कितव्या दिवशी शिकवतात, प्लास्टिकच्या बोटांवर किती काम आणि जिवंत हातांवर किती, उत्पादनाचे सुरक्षापत्रक मिळेल काय. मोफत किट हे बहुधा मोफत नसते. त्याची किंमत फीमध्ये असते, आणि त्यातला दिवा ज्या जेलशी जुळतो तेच जेल पुढे त्याच क्लासकडून घ्यावे लागेल अशी तजवीज असते.

सेवांच्या बाबतीत, पहिल्या दिवसापासून एक्स्टेन्शन ठेवल्याखेरीज धंदा होत नाही, ही धास्ती निराधार आहे. नैसर्गिक नखावर जेल पॉलिश आणि नीट रिमूव्हल एवढ्या दोनच गोष्टींवर आरंभ करावा, मग नखाला बळकटी देणारे बिल्डर जेल, आणि हात बसल्यावर टिप्स वा फॉर्मवरील लांबी. हार्ड जेल सर्वांत शेवटी, कारण ते उतरविण्याची जबाबदारी मोठी. आपल्याकडील गिऱ्हाईक हाताने जेवते, हळदीची फोडणी करते आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावून घेते, तेव्हा फिकट गुलाबी वा दुधी रंग पिवळा पडल्याची तक्रार ठरलेली. नवरीची नखे हळद व मेंदी उरकल्यावर करावीत, हे नोंदणी घेतानाच सांगावे. दरपत्रकात रिमूव्हलचा दर स्वतंत्र लिहावा, नाहीतर ते फुकट समजले जाते आणि फुकटचे काम घाईत होते. सोरायसिस, सुटलेले नख, भोवतालची सूज वा जखम दिसली तर काम नाकारावे. मधुमेही व्यक्तीच्या पायाच्या नखांना हत्यार लावण्यापूर्वी डॉक्टरांची अनुमती मागावी.

आणि एक वही ठेवावी. तीत गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, पूर्वी झालेला त्रास, वापरलेल्या बेस कोट, रंग व टॉप कोटचे नाव आणि बॅच क्रमांक एवढे लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. दोन महिन्यांनी कोणाची बोटे खाजू लागली, किंवा स्वतःचीच लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाला पॅच टेस्टसाठी कोणकोणते घटक घ्यावयाचे हे त्या नोंदीवरून ठरविता येते, आणि बाटलीवर घटकांची यादी असलेला माल का घ्यावयाचा, याचेही उत्तर तेथेच मिळते.